व्यवसाय-डेटाबेस वापरून करिअरचे पर्याय कसे शोधावेत

आपल्याला कोणकोणते व्यवसाय माहीत आहेत याची यादी कागदावर लिहून पाहिली, तर बहुतेकांची यादी पंधरा-वीस नावांपाशी अडते, आणि त्यांपैकीही निम्म्या व्यवसायांत माणूस दिवसभर नेमके काय करतो हे सांगता येत नाही. याउलट अमेरिकेच्या कामगार विभागाच्या आश्रयाने चालणाऱ्या ओनेट या डेटाबेसच्या २०१९ च्या वर्गीकरणात १,०१६ व्यवसाय आहेत, तर युरोपीय आयोगाच्या एस्को या वर्गीकरणात तीन हजारांहून अधिक आहेत. हे डेटाबेस विनामूल्य आहेत, त्यांसाठी नावनोंदणी लागत नाही आणि ते जगाच्या पाठीवर कुठूनही उघडता येतात. तरीही प्रथमच ते उघडणारी व्यक्ती एक-दोन परिचित नावे शोधते, पगाराचा आकडा पाहते आणि पान मिटवते. व्यवसायाचे नाव आणि पगार यांपासून सुरुवात केली, तर या साधनांतून फारसे काही हाती लागत नाही. त्यांतील कामांच्या वर्णनांपासून सुरुवात केली, तर मात्र ज्या व्यवसायांचे नावही कधी ऐकले नव्हते, त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. हा लेख त्या दुसऱ्या वाटेने जाण्यासाठी आहे.

कोणता डेटाबेस कशासाठी

सुरुवातीला एक भेद स्पष्ट करून घ्यावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येनुसार एका व्यक्तीने करावयाच्या कामांचा आणि कर्तव्यांचा संच म्हणजे एक नोकरी, आणि ज्यांतील मुख्य कामे परस्परांशी बरीच मिळतीजुळती आहेत अशा नोकऱ्यांचा समूह म्हणजे व्यवसाय. डेटाबेसमध्ये नोंद असते ती व्यवसायाची. त्यामुळे तेथे दिसणारे वर्णन हे अनेक नोकऱ्यांचे सामाईक चित्र असते, आणि प्रत्यक्षात मिळणारी एखादी नोकरी त्या चित्रापासून थोडीफार वेगळी असणारच.

याच संघटनेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण, ज्याची चालू आवृत्ती २००८ ची आहे, सर्व व्यवसायांची विभागणी १० मुख्य गटांत आणि शेवटी ४३६ घटक गटांत करते. प्रत्येक घटक गटाला चार अंकी संकेतांक असतो. परिचर्या व्यावसायिकांचा २२२१, सॉफ्टवेअर विकसकांचा २५१२. करिअर शोधण्यासाठी हे वर्गीकरण स्वतंत्रपणे वाचण्याची गरज नाही, परंतु अनेक राष्ट्रीय वर्गीकरणे त्याच्यावर बेतलेली आहेत, म्हणून एका देशाच्या डेटाबेसमधून दुसऱ्या देशाच्या डेटाबेसमध्ये जाताना हा चार अंकी संकेतांक पुलासारखा उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, भारताच्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात संकेतांक आठ अंकी आहे आणि त्याचे पहिले चार अंक या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळवलेले आहेत. एस्कोमधील प्रत्येक व्यवसायही याच वर्गीकरणातील एका गटाशी जोडलेला असतो.

एस्कोची पहिली पूर्ण आवृत्ती २०१७ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक व्यवसायासाठी लागणारी कौशल्ये आणि ज्ञान 'अत्यावश्यक' आणि 'ऐच्छिक' अशा दोन यादींत दिलेले असते आणि व्यवसायांची पर्यायी नावे भरपूर असतात. मात्र एखादे कौशल्य कमी महत्त्वाचे की अधिक, याचे गुणांकन तेथे नाही आणि पगाराची माहितीही नाही. ओनेटचे बळ नेमके गुणांकनात आहे. त्याआधी अमेरिकेत १९३९ पासून एक व्यवसायकोश वापरात होता आणि त्याच्या १९९१ च्या अखेरच्या आवृत्तीत बारा हजारांहून अधिक नोंदी होत्या. ओनेटने नोंदींची संख्या कमी केली, पण प्रत्येक व्यवसायाला तीच ३५ कौशल्ये, त्याच ५२ क्षमता, तीच ३३ ज्ञानक्षेत्रे आणि त्याच ४१ सर्वसाधारण कार्यकृती लावून मोजले. एकच मोजपट्टी सर्वांना लावल्यामुळे वीजतंत्री आणि ग्रंथपाल यांचीही तुलना करता येते. म्हणून नवोदिताने शोधाचा गाभा ओनेटमध्ये करावा, कौशल्यांची यादी पडताळण्यासाठी एस्को उघडावा, आणि पात्रता, परवाने व वेतन यांसाठी आपण जेथे काम करणार आहोत त्या देशाचा अधिकृत स्रोत पाहावा, असे मी सुचवतो.

लिहिताना ओनेटच्या नावात 'ओ' आणि 'नेट' यांच्यामध्ये तारकाचिन्ह असते, त्यामुळे शोधयंत्रात नाव टाकताना गोंधळून जाऊ नये. करिअर शोधणाऱ्यांसाठी त्याच माहितीवर उभे असलेले 'माय नेक्स्ट मूव्ह' हे अधिक सोप्या भाषेतील संकेतस्थळही आहे. तेथून सुरुवात करण्यास हरकत नाही, पण या लेखात सांगितलेले वाचन करण्यासाठी 'ओनेट ऑनलाइन' हे सविस्तर संकेतस्थळच लागेल.

डेटाबेस उघडण्याआधीचे काम

ही पायरी बहुतेक जण गाळतात. डेटाबेस हा प्रश्नांची उत्तरे देतो, आणि प्रश्न नसलेल्या माणसाला हजार पानांच्या ढिगाऱ्यापलीकडे तेथे काही दिसत नाही. म्हणून आधी कोरा कागद घेऊन गेल्या एक-दोन वर्षांत आपण प्रत्यक्ष केलेली कामे लिहावीत. नोकरी, शिक्षण, घर, स्वयंसेवा, छंद, यांपैकी कोठेही केलेले काम चालते. अट एवढीच की प्रत्येक ओळ क्रियापदावर संपली पाहिजे: जुळवले, तपासले, समजावले, दुरुस्त केले, आखले, वाद मिटवला. 'मी मेहनती आहे', 'मला माणसे आवडतात' अशी वाक्ये लिहू नयेत, कारण डेटाबेसमध्ये शोधण्याजोगे त्यांत काही नसते.

मग प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा कराव्यात. हे काम मला जमते का, आणि ते पुन्हा करावेसे वाटते का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नेहमी एकच नसतात. जमते पण नकोसे वाटते अशा कामांची यादी विशेष जपून ठेवावी, कारण ज्या व्यवसायाकडे इतर लोक आपल्याला ढकलतात तो बहुधा त्याच यादीतून निघालेला असतो.

पुढील पायऱ्यांसाठी एक काल्पनिक उदाहरण सोबत घेऊ. एक व्यक्ती हिशेबनीस म्हणून काम करते. आकड्यांचे काम आवडते म्हणून ती या व्यवसायात आली, पण आता कंटाळली आहे आणि आपली निवडच चुकली की काय असे तिला वाटते. तिच्या कागदावर अशा ओळी आहेत: रोजच्या नोंदी केल्या (जमते, नको), बँकेच्या विवरणाशी नोंदी जुळवल्या (जमते, चालेल), तीन महिने न सापडणारी तफावत शोधून काढली (जमते, पुन्हा हवे), खर्च का वाढला हे वरिष्ठांना आलेख काढून समजावले (जेमतेम जमले, पुन्हा हवे). तिला आकडे नकोसे झालेले नाहीत, नोंदी करणे नकोसे झाले आहे, हे या चार ओळींतच दिसते. पुढचा सर्व शोध या एका फरकावर उभा राहतो.

आपल्या आजच्या कामाची नोंद आधी वाचावी

पहिला शोध स्वप्नातील व्यवसायाचा न घेता आपण आज करत असलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या व्यवसायाचा घ्यावा. जे काम आपल्याला आतून माहीत आहे त्याचे वर्णन डेटाबेस कसे करतो हे एकदा पाहिले, की अपरिचित व्यवसायाची नोंद किती अक्षरशः घ्यायची याचा अंदाज येतो.

शोधताना औपचारिक नावच हवे असे नाही. प्रत्येक व्यवसायाच्या नोंदीला प्रत्यक्ष वापरातील अनेक पदनामे जोडलेली असतात, त्यामुळे साधा शब्द टाकला तरी जवळच्या नोंदी समोर येतात. संकेतस्थळ इंग्रजीत असल्यामुळे शब्द इंग्रजीत टाकावा लागतो. परंतु नेमके पदनाम न आठवल्यास काम सांगणारे एखादे क्रियापद आणि वस्तू टाकूनही शोध होतो. नोंद सापडली की तिचा संकेतांक लगेच लिहून ठेवावा. ओनेटचा संकेतांक आठ अंकी असतो. हिशेबनिसाच्या कामाचा ४३-३०३१.००, लेखापाल आणि लेखापरीक्षकांचा १३-२०११.००. पदनामे संस्थेगणिक बदलतात आणि एकच पदनाम दोन ठिकाणी वेगळ्या अर्थाने वापरले जाते. संकेतांकात तो घोळ नसतो, म्हणून टिपणे नावाखाली न ठेवता संकेतांकाखाली ठेवावीत.

नोंद वाचण्याचा क्रम

ओनेटमधील एक नोंद लांब असते आणि ती वरून खाली सलग वाचली तर तिसऱ्या विभागापर्यंत सर्व व्यवसाय सारखेच वाटू लागतात. माझा क्रम असा आहे: प्रथम कामांची यादी, मग कामाची परिस्थिती, त्यानंतर कौशल्ये आणि ज्ञान, आणि पगार सर्वांत शेवटी.

कामांच्या यादीत व्यवसायागणिक साधारण डझनभर ते तीसेक वाक्ये असतात आणि त्यांची मुख्य व पूरक अशी विभागणी केलेली असते. ही वाक्ये वाचताना आपला कागद शेजारी ठेवावा आणि प्रत्येक वाक्यातील क्रियापदाकडे पाहावे. हिशेबनिसाच्या नोंदीत नोंद करणे, आकडे तपासणे, जुळवणे ही क्रियापदे पुन्हा पुन्हा येतात. लेखापरीक्षकाच्या नोंदीत तपासणे आहेच, पण त्यापुढे निष्कर्षांचा अहवाल लिहिणे आणि व्यवस्थापनाला बदल सुचवणे ही कामेही आहेत. संख्याशास्त्रज्ञाच्या नोंदीत माहितीचा अर्थ लावणे, पद्धत योग्य आहे की नाही हे ठरवणे, निष्कर्ष मांडणे अशी कामे दिसतात. खर्चाचा अंदाज बांधणाऱ्याच्या नोंदीत आराखडे वाचून वेळ, साहित्य आणि मजुरी यांचा हिशेब आधीच मांडावा लागतो. चारही व्यवसाय आकड्यांचेच आहेत, परंतु एकात आकडा झालेल्या व्यवहाराचा असतो, दुसऱ्यात संशयाचा, तिसऱ्यात अनिश्चिततेचा आणि चौथ्यात अजून न घडलेल्या कामाचा. आपल्या उदाहरणातील व्यक्तीला दुसरा आणि तिसरा आकडा हवा आहे. 'आकड्यांचे काम' या शब्दप्रयोगाने हा फरक झाकून टाकला होता.

वाचताना प्रत्येक वाक्यापुढे 'रोज करायला आवडेल', 'चालेल' किंवा 'नको' अशी खूण करावी. दोन-चार ठिकाणी 'नको' आले म्हणून व्यवसाय सोडू नये, कारण नकोशी कामे प्रत्येक व्यवसायात असतात. पण मुख्य कामांपैकी निम्म्यांपुढे 'नको' आले, तर पुढे कितीही आकर्षक पगार लिहिलेला असला तरी ती नोंद बाजूला ठेवावी.

कामाची परिस्थिती हा विभाग लोक चाळतही नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. वेळेचा ताण किती असतो, चूक झाली तर परिणाम किती गंभीर होतो, अचूकतेला किती महत्त्व आहे, किती वेळ उभे राहावे लागते, समोरासमोर बोलणे किती असते, रागावलेल्या लोकांना किती वेळा सामोरे जावे लागते, निर्णयाचे स्वातंत्र्य किती मिळते, अशा पन्नासहून अधिक बाबींची उत्तरे तेथे असतात. त्यांतील अनेक बाबी त्या व्यवसायातील लोकांनीच दिलेल्या उत्तरांतून आलेल्या असतात. व्यवसाय सोडण्याची कारणे माणसे सांगतात तेव्हा ती बऱ्याचदा याच विभागात आधीपासून लिहिलेली सापडतात. आरोग्याची एखादी मर्यादा, लहान मुलांची किंवा वृद्धांची जबाबदारी, गोंगाट सहन न होणे, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी तर कामांच्या यादीच्याही आधी हा विभाग वाचावा.

महत्त्व आणि पातळी: दोन वेगळे आकडे

कौशल्ये, क्षमता आणि ज्ञान यांच्या विभागांत शून्य ते शंभर असे आकडे दिसतात आणि तेथे नवोदितांची सर्वांत मोठी चूक होते. हे आकडे परीक्षेतील गुण नाहीत, आणि टक्केही नाहीत. मूळ मोजमाप दोन पट्ट्यांवर झालेले असते. 'महत्त्व' एक ते पाच या पट्टीवर मोजतात, म्हणजे त्या व्यवसायात हे कौशल्य किती आवश्यक आहे. 'पातळी' शून्य ते सात या पट्टीवर मोजतात, म्हणजे ते कौशल्य किती वरच्या दर्जाचे लागते. मग वाचणाऱ्याच्या सोयीसाठी दोन्हींचे शून्य ते शंभरात रूपांतर करतात. मिळालेल्या आकड्यातून पट्टीचा किमान आकडा वजा करायचा आणि पट्टीच्या एकूण पल्ल्याने भागून शंभरने गुणायचे, एवढेच ते रूपांतर आहे. त्यामुळे महत्त्वाच्या पट्टीवरील ३ हा मधला आकडा ५० होतो आणि ४ हा आकडा ७५ होतो. तर पातळीच्या पट्टीवर ५० व्हायला ३.५ लागतात.

हा तपशील रुक्ष वाटला तरी त्याचा उपयोग मोठा आहे. वाचून समजून घेण्याचे कौशल्य पाहा. ओनेटच्या पातळीपट्टीवर या कौशल्यासाठी काही ठिकाणी नमुने दिलेले आहेत: दुसऱ्या पातळीवर अर्ज भरण्यासाठीच्या क्रमवार सूचना वाचता येणे, चौथ्या पातळीवर कर्मचारी धोरणाविषयीचे व्यवस्थापनाचे परिपत्रक समजणे, आणि सहाव्या पातळीवर शस्त्रक्रियेच्या पद्धतीवरील शोधनिबंध समजणे. दोन व्यवसायांत या कौशल्याचे महत्त्व सारखेच असेल, पण एकाला चौथी पातळी लागत असेल आणि दुसऱ्याला सहावी, तर पहिल्यातून दुसऱ्याकडे जाण्यासाठी बऱ्याच वर्षांचा अभ्यास मध्ये उभा असतो. महत्त्वाचा आकडा सांगतो की ते कौशल्य टाळता येणार नाही, आणि पातळीचा आकडा सांगतो की आपल्याला अजून किती चालायचे आहे. नोंदीचे पान प्रथम उघडते तेव्हा दोन्ही आकडे दिसतीलच असे नाही. सविस्तर दृश्य निवडून, शक्य असल्यास नोंद तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेऊन दोन्ही रकाने शेजारी ठेवावेत.

आणखी एक सावधगिरी घ्यावी. ऐकणे, बोलणे, वाचणे, चिकित्सक विचार ही कौशल्ये असंख्य व्यवसायांच्या यादीत अग्रस्थानी असतात, म्हणून त्यांवरून व्यवसायांत फरक करता येत नाही. यादीच्या मध्यावर नजर टाकावी आणि ज्या ओळीत दोन व्यवसायांचे आकडे ठळकपणे वेगळे आहेत तीच वाचावी. दोन-तीन गुणांचा फरक मात्र विसरून जावा. हे आकडे व्यवसायातील व्यक्तींची सर्वेक्षणे आणि कौशल्य-क्षमतांच्या बाबतीत प्रशिक्षित विश्लेषकांचे मूल्यांकन यांतून आलेल्या सरासऱ्या आहेत, आणि इतक्या बारीक फरकावर निर्णय टेकवण्यासाठी त्या तयार केलेल्या नाहीत.

कल चाचणी आणि पूर्वतयारीचे गट

ओनेटबरोबर 'इंटरेस्ट प्रोफायलर' ही कल चाचणी विनामूल्य मिळते. तिच्या प्रचलित संक्षिप्त रूपात ६० विधाने असतात आणि प्रत्येक काम किती आवडेल हे पाच पर्यायांतून सांगायचे असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीवर ती आधारलेली आहे. हातांनी व यंत्रांवर काम करण्याचा, शोध घेण्याचा, कलेचा, माणसांना साहाय्य करण्याचा, पुढाकार घेऊन व्यवहार घडवण्याचा आणि पद्धतशीर मांडणीचा असे सहा कल या उपपत्तीत एका षटकोनावर मांडलेले आहेत. शेजारचे कल परस्परांच्या जवळचे आणि समोरासमोरचे सर्वांत दूरचे मानले जातात.

चाचणी देताना पगार, शिक्षण किंवा प्रतिष्ठा यांचा विचार न करता केवळ 'हे करायला आवडेल का' एवढेच उत्तर द्यावे. प्रत्येक कलासाठी दहा विधाने असून कमाल ४० गुण असतात. सर्वांत वरचे दोन-तीन कल पाहावेत आणि पहिल्या दोहोंत एक-दोन गुणांचेच अंतर असेल तर त्यांचा क्रम महत्त्वाचा मानू नये. सहाही कलांचे गुण जवळजवळ सारखे आले, तर चाचणीने काहीच सांगितले नाही असे समजून आपल्या क्रियापदांच्या कागदाकडे परतावे. कल चाचणी आवड मोजते, क्षमता मोजत नाही, आणि ज्या कामाचा अनुभवच नाही त्याविषयीची आवड ही बरीचशी कल्पना असते. त्यामुळे चाचणीचा निकाल हा शोधाच्या अनेक दारांपैकी एक दार मानावा. पहिले किंवा एकमेव दार म्हणून ती वापरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पूर्वतयारीनुसार ओनेटने व्यवसायांचे पाच गट केले आहेत. पहिल्या गटात काही दिवस ते काही महिन्यांचे प्रशिक्षण पुरते; दुसऱ्यात काही महिने ते एक वर्ष; तिसऱ्यात व्यावसायिक शिक्षण, उमेदवारी किंवा एक-दोन वर्षांचा अनुभव लागतो; चौथ्यातील बहुसंख्य व्यवसायांना पदवी लागते; आणि पाचव्यातील बहुतेकांना पदव्युत्तर शिक्षण. कोणत्या गटापर्यंत जाण्याची आपली तयारी आहे हे ठरवून यादी गाळता येते. पण पहिल्याच फेरीत गाळणी लावली, तर आपल्या गटापेक्षा एकच पायरी वर असलेला योग्य व्यवसाय कधी दिसणारच नाही, म्हणून ती दुसऱ्या फेरीत लावावी.

जवळच्या व्यवसायांची साखळी

प्रत्येक नोंदीच्या शेवटी संबंधित व्यवसायांची यादी असते. माझ्या मते संपूर्ण डेटाबेसमधील ही सर्वांत मोलाची जागा आहे, कारण येथून आपल्याला नावही माहीत नसलेल्या व्यवसायांकडे वाट फुटते. ती वापरण्याची रीत साधी आहे. आपल्या आजच्या व्यवसायाच्या यादीतून ज्यांच्या कामांचे वर्णन आपल्या 'पुन्हा हवे' या ओळींशी जुळते असे दोन निवडावेत. त्या प्रत्येकाच्या यादीतून पुन्हा दोन निवडावेत. अशा दोन उड्यांत सहा व्यवसाय हाती येतात आणि त्यांतील एखादा तरी पूर्णपणे अनपेक्षित असतो. तिसरी उडी सहसा घेऊ नये, कारण तेथपर्यंत आपल्या मूळ अनुभवाशी असलेले नाते विरळ झालेले असते.

आपल्या उदाहरणातील व्यक्ती अशा शोधात लेखापरीक्षण, पतविश्लेषण, अंदाजपत्रक विश्लेषण, विमागणित, संख्याशास्त्र अशा नोंदी वाचू शकते. विमागणित आणि संख्याशास्त्र यांतील गणिताची पातळी तिला आजच्या शिक्षणावर झेपणारी नसेल, तर ते दोन्ही व्यवसाय यादीतून काढण्याऐवजी 'दीर्घ पल्ला' अशी खूण करून वेगळे ठेवावेत. लेखापरीक्षणात तफावत शोधण्याचे काम आहे, तिचा अनुभव तेथे थेट मोजला जाईल आणि अहवाल लिहिण्याचे कौशल्य एवढीच मोठी उणीव राहते. ही उणीव नेमकी किती हे एस्कोमधील अत्यावश्यक कौशल्यांच्या यादीवर एकेक करून खूण केल्यास स्पष्ट होते.

शेवटी तीन ते पाच व्यवसाय उरले, की त्यांचा एक तक्ता करावा. त्यात संकेतांक, आवडलेली मुख्य कामे, नकोशी मुख्य कामे, न झेपणारी परिस्थिती, सर्वांत मोठी उणीव आणि पूर्वतयारीचा गट एवढे रकाने पुरेत. प्रत्येक रकान्याला गुण देऊन बेरीज करण्याचा मोह आवरावा. गोंगाट सहन न होणाऱ्या माणसाला गोंगाटाच्या कामात इतर सर्व बाबतींत पैकीच्या पैकी गुण मिळाले, तरी त्या बेरजेला अर्थ नसतो.

पगार आणि मागणी कशी वाचावी

पगाराची आणि मागणीची माहिती स्थळाला बांधलेली असते. ओनेटवर दिसणारे वेतन, रोजगाराचे अंदाज आणि परवान्यांचे नियम अमेरिकेतील आहेत. त्या आकड्यांचे चलन बदलून आपल्या देशातील पगार काढणे चुकीचे ठरेल. कामांची वर्णने मात्र सीमेपलीकडे बऱ्यापैकी टिकतात. आकडे कोणत्याही देशाचे असोत, मध्यक वेतन म्हणजे ज्याच्या वर निम्मे आणि खाली निम्मे कामगार असतात असा आकडा, आणि त्या निम्म्यांत वीस वर्षे काम केलेले लोकही येतात. नवोदिताने म्हणूनच खालच्या दहा टक्क्यांच्या सीमेवरील आकडाही पाहावा आणि वरचा-खालचा आकडा यांत किती अंतर आहे हे तपासावे. अंतर मोठे असेल, तर त्या व्यवसायात अनुभव, शहर किंवा क्षेत्र यांनुसार उत्पन्न फार बदलते असा त्याचा अर्थ असतो.

मागणीच्या बाबतीत वाढीचा दर आणि रिक्त जागांची संख्या यांत गल्लत करू नये. समजा, दहा हजार लोकांचा एक व्यवसाय दहा वर्षांत ३० टक्क्यांनी वाढणार आहे आणि दहा लाख लोकांचा दुसरा केवळ ४ टक्क्यांनी. पहिल्यात तीन हजार नव्या जागा होतील, दुसऱ्यात चाळीस हजार. शिवाय निवृत्त होणाऱ्यांच्या आणि व्यवसाय सोडणाऱ्यांच्या जागा निराळ्याच असतात, आणि मोठ्या व्यवसायांत त्यांची संख्या नव्या जागांपेक्षा कितीतरी अधिक असू शकते.

नोंदीतील माहितीचे वयही पाहावे. दर वर्षी काही मोजक्या व्यवसायांचेच नव्याने सर्वेक्षण होते, त्यामुळे शेजारच्या दोन नोंदींपैकी एक ताजी आणि दुसरी अनेक वर्षे जुनी असू शकते. साधने आणि सॉफ्टवेअर यांच्या याद्या सर्वांत लवकर शिळ्या होतात. त्यांच्यासाठी चालू भरतीच्या दहा-पंधरा जाहिराती वाचणे अधिक चांगले, आणि त्या शोधताना नोंदीतील पर्यायी पदनामे कामी येतात.

त्या व्यवसायातील माणसाला भेटताना

तक्ता हाती आला की प्रत्येक उरलेल्या व्यवसायातील किमान दोन माणसांशी बोलावे. त्यांपैकी एक नुकतीच रुजू झालेली आणि एक दहाएक वर्षे काम केलेली असावी. 'तुमचे काम कसे आहे' असा सैल प्रश्न विचारला तर सैल उत्तर मिळते. डेटाबेस वाचून गेलेल्या माणसाकडे मात्र धारदार प्रश्न असतात. मुख्य कामांची यादी छापून न्यावी आणि समोर ठेवून विचारावे की गेल्या आठवड्यात यांपैकी कोणत्या कामाला सर्वाधिक वेळ गेला, कोणते काम यादीत असूनही तुम्ही कधीच करत नाही, आणि कोणते काम रोज करता पण ते यादीतच नाही. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही डेटाबेसमध्ये नसते, म्हणून ते शब्दशः लिहून घ्यावे. त्यानंतर परिस्थितीच्या विभागातील आपल्याला खटकलेली एक बाब काढून ती येथेही तशीच आहे का, हे विचारावे.

दोघांची उत्तरे परस्परविरोधी आली तर गोंधळू नये. एकाच व्यवसायात निरनिराळ्या नोकऱ्या असतात, आणि लहान संस्थेत एकच माणूस जी कामे करतो ती मोठ्या संस्थेत चौघांत वाटलेली असतात. अशा वेळी आपल्याला हवी असलेली कामे कोणत्या प्रकारच्या संस्थेत अधिक असतात हे टिपावे आणि नोकरी किंवा उमेदवारी शोधताना संस्थेचा तोच प्रकार आधी धुंडाळावा. बोलणे झाल्यावर तक्त्यातील रकाने दुरुस्त करावेत, शेजारी तारीख आणि डेटाबेसची आवृत्ती लिहावी, आणि 'दीर्घ पल्ला' अशी खूण केलेल्या व्यवसायांच्या नोंदी वर्षभराने पुन्हा उघडण्यासाठी त्यांचे संकेतांक त्याच कागदाच्या पाठीमागे उतरवून ठेवावेत.